सूत्राच्या वर किती, खाली किती

गणिताच्या पुस्तकातलं एक साधं वाक्य घेऊ. पहिल्या न नैसर्गिक संख्यांची बेरीज

१ + २ + ३ + … + न = न(न + १) ÷ २

इतकी असते, आणि न कितीही मोठा असला तरी ती काढायला एक गुणाकार आणि एक भागाकार पुरतो.

वाक्य एकच आहे. ‘बेरीज’ या शब्दापाशी ते संपलं नाही. सूत्रातून पार होऊन ते ‘इतकी असते’वर आलं. सूत्र मात्र ओळीतून उचलून, वर-खाली मोकळी जागा सोडून वेगळं बसवलेलं आहे. सूत्र नजरेत भरलं पाहिजे आणि वाक्य तुटता कामा नये, या दोन्ही गोष्टी त्या मोकळ्या जागेनेच साधायच्या असतात. जागा फार झाली तर वाक्याचे दोन तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा पोरका दिसतो. कमी पडली तर सूत्र मजकुरात बुडतं. मग ती नेमकी किती सोडायची? या प्रश्नाचा एका माणसाने किती खोलात जाऊन विचार केला होता, हे कळतं तेव्हा थक्क व्हायला होतं.

आकडेमोड मजकुरातून वेगळी काढण्याची ओढ छापखान्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. १८८१ साली पेशावरजवळच्या बक्षाली गावात सापडलेली भूर्जपत्रांवरची पोथी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यात शारदा लिपीतला मजकूर सलग चालतो, पण संख्या आल्या की लेखक रेघा ओढून चौकट आखतो आणि त्या आत मांडतो. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त नियम आणि उदाहरणं श्लोकबद्ध आहेत, पण उदाहरणातल्या संख्या मांडून दाखवायच्या असतात तिथे ‘न्यास’ असं म्हणून त्या श्लोकाबाहेर ठेवलेल्या दिसतात. श्लोक डोळे मिटून म्हणता येतो. गणित करताना मात्र संख्या डोळ्यांसमोर लागतात.

खिळ्यांच्या छपाईत ही मोकळी जागा हातात धरता यायची. दोन ओळींच्या मध्ये धातूच्या पातळ पट्ट्या सरकवल्या की ओळी दूर जायच्या. गणिताची जुळणी हे छापखान्यातलं सर्वांत अवघड आणि महागडं काम. ऑक्सफर्डने १९५४ साली या कामाच्या पद्धतीवर एक स्वतंत्र पुस्तकच काढलं होतं. तरी सूत्राच्या वर कोणत्या जाडीची पट्टी घालायची, हे बऱ्याच वेळा जुळाऱ्याची सरावलेली नजर ठरवायची. ती नजर कारागिराबरोबर निवृत्त होत असे.

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांवर देखणी छापलेली होती. नवी मुद्रितं फोटोवर आधारलेल्या यंत्रावरची होती आणि ती पाहून ते फार निराश झाले. आपल्या पुस्तकासाठी जुळणीचा संगणक-प्रोग्राम आपणच लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. या प्रोग्रामचं नाव टेक. सुट्टीच्या वर्षात उरकेल असं वाटलेलं काम सुमारे दहा वर्षं चाललं. आदर्श म्हणून त्यांनी आपल्या प्रकाशकाची पुस्तकं, १९१० च्या आसपासचं स्वीडनचं ‘आक्टा मॅथेमॅटिका’ आणि १९५० च्या आसपासचं एक डच नियतकालिक समोर ठेवलं. त्या पानांवर घातांक किती उचललाय, पादांक किती खाली आहे, अपूर्णांक कसे तोललेत, याची त्यांनी मोजमापं घेतली आणि शोध घेतला तो कमीत कमी किती नियमांत हे सारं बसेल याचा. ज्यांची नावंही कुणी नोंदवली नाहीत अशा जुळाऱ्यांची नजर त्यांनी मोजून काढली, असं मी याकडे पाहतो.

आता सूत्राच्या वरच्या-खालच्या जागेकडे येऊ. कनूथ यांनी स्वतः आखून दिलेल्या ‘प्लेन टेक’ साच्यात अक्षर १० पॉइंटचं असतं आणि एका ओळीच्या पायरेषेपासून पुढच्या ओळीच्या पायरेषेपर्यंत १२ पॉइंट. एका इंचात ७२.२७ पॉइंट मावतात. सूत्रासाठी या १२ पॉइंटांवर आणखी जागा घालायची, आणि तिचे आकडे दोन नसून चार आहेत. नेहमीची वरची जागा १२ पॉइंट, नेहमीची खालची जागाही १२. आणि एक दुसरी जोडी: ‘आखूड’ वरची जागा शून्य, ‘आखूड’ खालची ७.

वर शून्य? सूत्राच्या डोक्यावर काहीच जागा सोडायची नाही? इथेच या योजनेची खरी मजा आहे. सूत्र पानाच्या मध्यभागी बसतं. त्याच्या आधीची ओळ समासापासून समासापर्यंत भरलेली असेल तर ती सूत्राच्या थेट डोक्यावर येते. तिथे १२ पॉइंट हवेतच. पण वाक्य कधी असं येतं की शेवटच्या ओळीत ‘म्हणून’ एवढा एकच शब्द उरतो आणि मग सूत्र. तो शब्द डावीकडे कोपऱ्यात आहे. सूत्राच्या माथ्यावर त्या ओळीची जागा रिकामीच आहे आणि खरा शेजारी म्हणजे त्याच्याही वरची ओळ. त्यात आणखी १२ पॉइंट घातले तर डोळ्याला दुप्पट पोकळी दिसेल.

आता आकडे लावून पाहा. पहिल्या परिस्थितीत सूत्राच्या पायरेषेपासून डोक्यावरच्या मजकुराची पायरेषा १२ आणि १२ मिळून २४ पॉइंटांवर. दुसऱ्या परिस्थितीत जादा जागा शून्य, पण मध्ये एक जवळजवळ रिकामी ओळ. त्यामुळे डोक्यावरचा मजकूर पुन्हा बरोबर २४ पॉइंटांवर. पट्टीने मोजलं तर दोन ठिकाणी जादा जागा वेगवेगळी, डोळ्याने पाहिलं तर सारखी. टेक इथे पांढरी जागा मोजतो ती वाचणाऱ्याला दिसते तशी. खालची जागाही मग १२ वरून ७ वर येते, म्हणजे वर-खालचा तोल राहतो; पण तिला शून्य करून चालत नाही, कारण सूत्रानंतरची ओळ सहसा पूर्ण भरलेली असते आणि थेट सूत्राच्या पायाशी येते.

ओळ ‘आखूड’ आहे हे ठरवायचं कसं? टेक आधीच्या ओळीचं शेवटचं अक्षर जिथे संपतं ती जागा घेतो, तिच्यात दोन ‘एम’ मिळवतो आणि पाहतो की सूत्राची डावी कड त्याच्या पलीकडे आहे का. दहा पॉइंटच्या अक्षरात दोन एम म्हणजे २० पॉइंट. प्लेन टेकची ओळ साडेसहा इंचांची, म्हणजे जवळपास ४७० पॉइंटांची. सूत्र २०० पॉइंट रुंद असेल तर मध्यभागी बसल्यावर त्याची डावी कड समासापासून १३५ पॉइंटांवर येईल. आधीची ओळ १०० पॉइंटांवर संपली तर १०० आणि २० मिळून १२०. सूत्र त्याच्या पलीकडे, म्हणून आखूड जागा. तीच ओळ १२० वर संपली तर बेरीज १४०. सूत्राची कड आता अलीकडे, म्हणून नेहमीची जागा. वाक्यात एखादा शब्द वाढला तरी सूत्राच्या डोक्यावरचे १२ पॉइंट येतात किंवा जातात. ते २० पॉइंट फार विचाराने घातलेले आहेत: ओळ सूत्राच्या अगदी कडेपर्यंत पोहोचून थांबली तर ती डोक्यावर नसूनही डोक्यावर असल्यासारखी भासते, म्हणून थोडं अंतर राखूनच ‘मोकळं’ म्हणायचं.

आणि याच्याही खाली एक थर आहे. तो मला या साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. टेक सर्व मापं पूर्णांकांत ठेवतो. त्यासाठी त्याने एका पॉइंटचे ६५,५३६ भाग केले आहेत. एक भाग म्हणजे साधारण साडेपाच नॅनोमीटर, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभरावा हिस्सा. पूर्णांकांचं गणित जगातल्या प्रत्येक संगणकावर सारखंच उत्तर देतं. पण ओळ समासाला भिडवण्यासाठी शब्दांमधल्या जागा ताणाव्या किंवा आक्रसाव्या लागल्या, तर ते प्रमाण दशांश अपूर्णांकात येतं, आणि अशा अपूर्णांकाची शेवटची स्थळं एका यंत्रावर एक तर दुसऱ्या यंत्रावर दुसरीच निघू शकतात. नुसती छपाई करायची असेल तर त्या फरकाने काही बिघडत नाही. प्रकाशालाही तो दिसणार नाही. पण ‘आखूड की नेहमीची’ हा निर्णय त्या अपूर्णांकावर टांगला तर एका यंत्रावर सूत्राच्या वर शून्य पॉइंट, दुसऱ्यावर १२. मग पान एका ओळीने सरकणार, आणि पुढचं प्रकरण कदाचित वेगळ्याच पानावर सुरू होणार.

म्हणून कनूथ यांनी असं ठरवलं: शेवटच्या अक्षराची जागा ताणण्या-आक्रसण्यावर अवलंबून असेल तर ती मोजायचीच नाही. त्या वेळी ओळीची लांबी टेकला मांडता येणारी सर्वांत मोठी लांबी धरायची. ती १६,३८४ पॉइंटांना जेमतेम कमी, म्हणजे सुमारे पावणेसहा मीटर. इतकी लांब ओळ कोणत्याही सूत्राच्या पलीकडेच जाणार, म्हणून मुकाट्याने नेहमीची जागा. सर्व यंत्रांवर निर्णय एकच यावा, यासाठी ही काळजी आहे आणि तिचं कारण प्रोग्रामच्या मजकुरात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. एका सूत्राच्या डोक्यावरच्या रेघभर जागेसाठी, पुढे येणाऱ्या आणि तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या संगणकांचा विचार केलेला आहे.

आतापर्यंत मी आकडे स्थिर असल्यासारखे सांगितले. खरं तर ते लवचिक आहेत. नेहमीची जागा नुसती १२ पॉइंट नाही. ती १२, त्यात ३ ने ताणता येणारी आणि ९ ने दबणारी अशी आहे, एखाद्या स्प्रिंगसारखी. आखूड वरची शून्य, ३ ने ताणणारी. आखूड खालची ७, ३ ने ताणणारी, ४ ने दबणारी. म्हणजे कितीही दाबलं तरी सूत्राच्या खाली ३ पॉइंट उरतातच: १२ मधून ९ गेले तरी ३, आणि ७ मधून ४ गेले तरी ३.

ही लवचिकता सूत्रापेक्षा पानासाठी आहे. प्लेन टेकचं पान ८.९ इंच उंच, म्हणजे ६४३ पॉइंटांच्या आसपास. निव्वळ मजकुराच्या ५३ ओळी ६३४ पॉइंट घेतात. वर ९ पॉइंट उरतात आणि त्यात आणखी ओळ मावत नाही. समोरासमोरची दोन पानं एकाच रेषेत संपली तर पुस्तक नीटस दिसतं, म्हणून ते ९ पॉइंट कुठेतरी जिरवायला हवेत. ओळींमधलं अंतर ताठ आहे, ते हलत नाही. परिच्छेदांमध्ये जेमतेम एकेक पॉइंट ताण आहे. मग उरतात सूत्रांभोवतीच्या जागा. पानावर तीन सूत्रं असतील तर सहा जागा; एकूण १८ पॉइंट ताणता येतात आणि ५४ पॉइंट, म्हणजे साडेचार ओळी, दाबता येतात. ९ पॉइंट जिरवायचे तर प्रत्येक जागा दीड पॉइंटने वाढली, सुमारे अर्धा मिलिमीटर. वाचकाला पत्ताही लागत नाही.

आणि ताणाची किंमत सरळ प्रमाणात वाढत नाही, घनाच्या प्रमाणात वाढते. उपलब्ध ताणाचा निम्मा वापरला तर टेकच्या हिशेबात खोट साधारण १२ गुणांची. पूर्ण वापरला तर १००. दुप्पट ताणलं तर ८००. थोडी तडजोड जवळपास फुकट, मोठी तडजोड फार महाग. दाबण्याला मात्र पक्की सीमा आहे: ठरवून दिलेल्यापेक्षा एक कणही जास्त नाही. मोकळं दिसलेलं एक वेळ चालतं, अक्षरं एकमेकांवर चढलेली कधीच चालत नाहीत.

पान कुठे तोडायचं याचेही नियम या जागेशी बांधलेले आहेत. सूत्राच्या लगेच आधी पान तोडायला टेक १०,००० चा दंड लावतो, म्हणजे साफ मनाई. प्रस्तावनेचं वाक्य एका पानावर आणि सूत्र पुढच्या पानाच्या माथ्यावर असं होऊ द्यायचं नाही. सूत्रानंतर तोडलं तर दंड नाही. परिच्छेदाची शेवटची ओळ नव्या पानावर एकटी गेली तर दंड १५०. पण सूत्राच्या लगेच आधीची ओळ अशी गेली तर फक्त ५०, कारण तिला सोबत आहे. आणि परिच्छेदातल्या ओळी मोजताना प्रत्येक सूत्र टेक तीन ओळींचं धरतो, कितीही उंच असलं तरी. सूत्र वाक्याचा भाग आहे, परिच्छेद सूत्राच्या खालीही चालूच आहे, हे प्रोग्रामच्या अंगात किती मुरलेलं आहे ते यावरून दिसतं.

म्हणूनच टेकमध्ये लिहिताना सूत्राच्या आधी एक मोकळी ओळ सोडण्याची जी सवय विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जागोजागी दिसते, ती नडते. फाइल वाचायला सुटसुटीत दिसावी म्हणून ती ओळ सोडलेली असते, पण टेकसाठी तिचा अर्थ परिच्छेद संपला असा होतो. मग सूत्र नव्या परिच्छेदाची सुरुवात ठरतं आणि त्याच्या आधी एक रिकामी ओळ जन्माला येते. सूत्र फार रुंद नसेल तर ही रिकामी ओळ अर्थातच ‘आखूड’ गणली जाते. मूळ वाक्याची ओळ लांब असो की तोकडी, वरची जागा आता एकसारखीच येते आणि खालची मात्र १२ ऐवजी ७. टेकने नजर लावून जी निवड केली असती, ती करायची संधीच त्याला मिळत नाही.

या योजनेतली एक उणीव मला खटकते. एकाखाली एक चिन्हं जुळवून मांडलेल्या अनेक ओळींच्या समीकरणांना टेक ही पारख लावत नाही. ती कितीही अरुंद असली आणि आधीच्या ओळीत एकच शब्द असला, तरी तिथे नेहमीचीच जागा पडते. एका पानावर दोन्ही प्रकार आले की फरक डोळ्यांत येतो. वेबवर तर ही पारख नाहीशीच झाली आहे: मॅथजॅक्स आणि काटेक ही वेबपानांवर गणित दाखवणारी दोन लोकप्रिय साधनं सूत्राच्या वर आणि खाली सरसकट एक एम जागा सोडतात. स्क्रीनच्या पानाला तळ नसतो, त्यामुळे ताण-दाबाची गरज संपली हे खरं. आधीच्या ओळीकडे पाहण्याची गरज मात्र संपलेली नाही.

मराठीत गणित जुळवणाऱ्यांनी इथे खास थांबावं. २००४ साली जोनाथन क्यू यांनी आणलेल्या झीटेकमुळे देवनागरीचे आधुनिक फॉन्ट टेकमध्ये थेट वापरता येऊ लागले, आणि सूत्राच्या जागेचे आकडे मात्र रोमन लिपीसाठी बेतलेलेच राहिले. देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि पाय मोडलेली जोडाक्षरं. म्हणून ओळींमधलं अंतर १२ वरून १५-१६ पॉइंटांवर न्यावं लागतं. तसं करताच ती सुंदर बरोबरी मोडते. भरलेल्या ओळीनंतर सूत्र १६ आणि १२, म्हणजे २८ पॉइंटांवर. आखूड ओळीनंतर डोक्यावरचा मजकूर १६ आणि १६, म्हणजे ३२ वर. कनूथ यांनी २४ आणि २४ ठेवलं होतं. ओळींचं अंतर वाढवलं की नेहमीची वरची जागाही तितकीच वाढवायची, म्हणजे इथे १६ करायची, हा हिशेब त्या चार आकड्यांत दडलेला आहे. खालच्या जागेबद्दल माझं मत असं की देवनागरीत ती वरच्यापेक्षा पॉइंटभर जास्तच ठेवावी. रोमन ओळीचा माथा उंचसखल असतो; आपली शिरोरेखा सूत्राच्या पायाशी सलग काळी कड उभी करते आणि तीच जागा अपुरी भासते.

हे आकडे बदलताना, टेकवरच उभ्या असलेल्या लाटेकमध्ये एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथे हे चारही आकडे अक्षराच्या आकाराशी बांधलेले असतात. दहा पॉइंटला नेहमीची जागा १०, आखूड खालची ६. मजकूर सुरू होताना लाटेक नेहमीचा आकार नव्याने लावतो आणि फाइलमध्ये मजकुराच्या आधी थेट लिहिलेले तुमचे आकडे पुसून टाकतो. मध्येच लहान अक्षर करून पुन्हा नेहमीच्या अक्षरावर आलात तरी तेच. म्हणून १६ चा आकडा आकाराच्या आज्ञेलाच जोडून द्यावा, आणि मग एक भरलेली ओळ, एक एकशब्दी ओळ, अशा दोन्हींखाली तेच सूत्र छापून कागद हातभर लांब धरून पाहावा.